घर सापडलं, पाणी घ्या!

विश्वास ठेवू नका! आधीच सांगून ठेवतो, म्हणजे नंतर तोंड वाकडं करायला नको. पाहुणीला होडीतून स्वतःच्या ओसरीवर नेऊन पाणी पाजणारा माणूस या अख्ख्या किनाऱ्यावर एकच झाला, आणि तो म्हणजे तुमच्यासमोर बसलेला हा गामोर म्हातारा. आणि ओसरीवर तेव्हा तीन पुरुष पाणी होतं! जरा पुढे सरका, हळू बोलतो. आत एक जण झोपलाय. उठला तर नाक खुपसेल.

सरकारनं देशातल्या घराघराला मोबाइलवरचा पत्ता दिला, तेव्हा आमच्या डेलाकोपे गावातही भिंतीभिंतीवर निळ्या पाट्या लागल्या. माझी पाटी मी रोज सकाळी पुसायचो. माझी बायको सेफाकोर म्हणायची, "माझं तोंड कधी इतक्या मायेनं पुसलं नाहीत!" शेजारच्या तामाक्लोच्या घराला पाटी नव्हती, तोवर तो जळत होता. त्याला मिळाली आणि मी जळायला लागलो.

आमचं वैर जुनं. त्यानं न्हाणीची भिंत माझ्या अंगणात वीतभर सरकवली होती. गावच्या प्रमुखापुढे आम्ही इतकी वर्षं भांडलो, की ऐकता ऐकता एक प्रमुख वारला आणि दुसऱ्याला सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. शेवटी निकाल समुद्रानं दिला. एका पहाटे आला आणि भिंत, अंगण, न्हाणी, दोन्ही घरं घेऊन गेला. दोघांनाही सारखाच न्याय!

तेव्हापासून मुक्काम शाळेच्या वर्गात. रात्रभर बाकावर कुशी बदलायच्या आणि फळ्यावरचे पाढे वाचायचे. समोरच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून तामाक्लो. त्याची बायको आधीच गेलेली, त्यामुळे तो नुसत्या भिंतीशी भांडायचा. सेफाकोरचं रोजचं एकच गाणं. "पळताना दार तरी ओढून घ्यायचं होतंत. उघडं टाकून आलात."

"अगं, चोर काय पोहत येणार आहे?"

"घर उघडं टाकून कोणी जातं का?"

मग बातमी आली. समुद्रानं ज्यांचं घर नेलं, त्यांना खारसरोवराच्या पलीकडे नवी घरं! चकरा नकोत, साहेबाची मनधरणी नको, सगळं टॅबवर! शाळा उघडणार होती, म्हणजे वर्गही जाणार होता. आज नाव लागलं तर छप्पर, नाही तर आभाळ. टॅब घेऊन कुमासीहून एक तरुण बाई आल्या होत्या, अमोआबेंग नावाच्या. डोंगराकडची पोरगी! समुद्राकडे अशी बघायची जणू तो तिच्यावरच भुंकतोय.

"आजोबा, तुमच्या घरासमोर उभे राहा. फोटो काढते, की झालं."

मी बोट दाखवलं. "ते काय, तिकडे."

बाईंनी समुद्राकडे पाहिलं, टॅबकडे पाहिलं, पुन्हा समुद्राकडे पाहिलं. "तिथं तर पाणी आहे."

"घर नेलंय म्हणूनच तर अर्ज करतोय!"

"पण हे यंत्र जागा ओळखतं. पत्त्यावर उभं राहिल्याशिवाय फोटो घेतच नाही. परगावचे लोक घुसतात ना, म्हणून." तिनं राजधानीत, अक्राच्या ऑफिसला फोन लावला. बराच वेळ मान हलवत राहिली. मग म्हणाली, "ते म्हणतात, अर्जदाराला घरी न्या."

"एवढंच ना?" मी धोतर सावरलं. "चला की घरी! बसा होडीत!"

माझा बेत पक्का होता. जायचं, फोटो, परत, दुपारी मक्याच्या पिठाचं अक्प्ले आणि भेंडीचं कालवण!

गावातल्या पोरांनी होडी लाटांपार ढकलली. बाई दोन्ही हातांनी काठाला चिकटलेल्या, टॅब दातात! सेफाकोर पुढे बसून वाट सांगत होती. "डावीकडे घ्या. अहो, डावीकडे! ही तर चर्चची विहीर! आता सरळ. सांभाळून, माझ्या चुलीवरून नेऊ नका!"

आणि टॅब बोलला. अक्रातल्या कुठल्याशा पोरीच्या गोड आवाजात म्हणाला, "घर सापडलं."

सेफाकोरनं डोक्यावरचं फडकं सारखं केलं, दारात पाहुणे आल्यावर करतात तसं.

"नांगर टाका, आजोबा," बाई म्हणाल्या. "होडी सरकतेय."

"माझ्याच छपरावर नांगर टाकू?"

"मग बघा इकडे, काढते फोटो..."

"थांबा!" मी ओरडलो. "घरी आलात आणि पाण्याशिवाय?"

आता सांगा, चुकलं काय माझं? दारात आलेल्याला आधी पाणी द्यायचं, मग खुशाली, मग येण्याचं कारण. कारण ठाऊक असलं तरी विचारायचं! सात पिढ्यांत आमच्या उंबऱ्यावर कोणी कोरड्या घशानं बसलं नाही. सेफाकोरनं भोपळ्याच्या भांड्यात पाणी पुढे केलं. बाईसुद्धा चांगल्या घरातल्या. नाही कसं म्हणणार? दोन थेंब पूर्वजांसाठी समुद्रात सांडले, घोट घेतला.

"घरची सगळी बरी?"

"बरी. आईचे गुडघे दुखतात."

"शेक घ्या म्हणावं. मग, कसं काय येणं केलंत?"

बिचारीनं सगळं सांगितलं. सरकार, पत्ते, नवी घरं, अट. मी रीतीप्रमाणे उत्तर दिलं, आजोबा-पणजोबांची नावं घेऊन. आणि मग ताठ बसून, छाती काढून म्हटलं, "हं, काढा!"

खट्! टॅब हिरवा झाला. आणि बाईंचा चेहरा पांढरा!

"आजोबा... हा पत्ता तुमचा नाही."

होडी सरकली होती. आम्ही तामाक्लोच्या न्हाणीत होतो!

"अरे ए!" मागून आरोळी आली. पुढचा नंबर तामाक्लोचाच होता, तो आपली होडी घेऊन मागोमाग आलेला. "नीघ माझ्या घरातून!"

"वीतभर माझीच जागा आहे ही!" मी वल्हं उगारलं.

"दोघं बसा खाली!" सेफाकोर गरजली. "बुडालो तर कुठलाच पत्ता लागायचा नाही!"

बाई टॅबवर बोटं आपटत होत्या. मग हळूच म्हणाल्या, "अर्ज एकदा गेला की बदलता येत नाही. हा पत्ता आता गामोर आजोबांच्या नावावर. आणि यांचं नाव लागलं, म्हणून यांचा स्वतःचा पत्ता बंद."

"आणि माझं काय?" तामाक्लोनं विचारलं.

बाईंनी टॅब मांडीवर पालथा ठेवला. तामाक्लोनं वल्हं खाली ठेवलं. ज्याला आयुष्यभर शिव्या दिल्या, तो माणूस असा गप्प बसलेला मला पाहवेना. भांडेल, तर बरं वाटेल असं झालं.

"घरातली माणसं जोडता येतात," बाई चाचरत म्हणाल्या. "फक्त नातं लिहावं लागतं."

लाट आली, गेली. मी घसा खाकरला. "लिहा. भाऊ."

"धाकटा," मी पुढे म्हणालो.

"धाकटा कोण?" तामाक्लो एकदम ताठ झाला. "मी चालत होतो तेव्हा तू रांगत होतास!"

"नुसतं भाऊ लिहिते!" बाई किंचाळल्या. "फोटो एकत्र लागेल. या होडीत या!"

आला. शेजारी बसला. खट्! पुन्हा हिरवा. त्याची होडी दोरीनं मागे बांधली आणि परत फिरलो. वाटेत माझ्या ओसरीवरून जाताना टॅब पुन्हा बोलला, "घर सापडलं."

आणि मंडळी, काय सांगू! तामाक्लोनं हंबरडा फोडला! लहान पोरासारखा! मीच त्याला आवरलं. माझ्या डोळ्यांत? एक थेंब नाही! मी आपला शांतपणे वल्हं मारत...

"खोटं!"

आतून खोकत तामाक्लो दारात येऊन उभा राहिला. या नव्या घराला दार एकच, त्यामुळे दोघांनाही तेच.

"बाकी सगळं खरं आहे," तो म्हणाला. "न्हाणी मीच सरकवली होती, तेही खरं. पण रडत होता तो हा. मी याची कंबर धरून बसलो होतो. होडीतून खाली उतरायला निघाला होता!"

"खाली? कशाला?" कोणीतरी विचारलं.

"दार लावायला."