पालघाट बसली, मास्तर उभा

भिंत रंगवून घेणे ही जगातली सर्वांत सोपी गोष्ट आहे, असे मी सन एकोणीसशे अडतीसच्या फाल्गुनात छातीठोकपणे म्हणालो होतो. कोणाला? स्वतःलाच. दुसरे ऐकायला कोण होते!

डोळखांबच्या पुढे दोन ओढे ओलांडले की लागणाऱ्या एका वारली पाड्यावर मी मास्तर होतो. इंटरची परीक्षा दोनदा दिल्यावर माणसाला जी नोकरी मिळते, ती ही. पटावर एकतीस मुले होती आणि समोर सात. बाकीची गुरांमागे, नाहीतर आईबापांबरोबर कुठे गवत कापायला. अशात तालुक्याहून कागद आला: येत्या बुधवारी शाळाखात्याचे दिपोटीसाहेब तपासणीला येतील, हजेरी विसाच्या खाली दिसली तर शाळा बंद. शाळा बंद म्हणजे मी मुरबाडला काकांच्या भाताच्या वखारीत, पोत्यांवर बसून जन्मभर काकांची बोलणी खाणार!

आता आणखी तेरा मुले रानातून कुठून आणायची? मग म्हटले, हजेरी नाही तर नाही, शोभा तर करू! दिपोटीसाहेब कलेचे मोठे भोक्ते, अशी बातमी होती. शेणव्याच्या शाळेत नुसत्या कागदी तोरणावर त्यांनी दोन ओळींचा शेरा दिला होता. तोरणावर दोन ओळी, तर अख्ख्या भिंतीवर किती?

गेल्या वर्षी एका लग्नघरात मी चौक पाहिला होता. गेरूने सारवलेली भिंत, तिच्यावर तांदळाच्या पिठाने काढलेला पांढराशुभ्र चौकोन, कडांना जाळीसारखी नक्षी, आत पालघाट देवी, भोवती सूर्य, चंद्र, फणी, शिडी आणि घोड्यावर बसलेले नवरानवरी. मी तडक जनाबाईकडे गेलो. जनाबाई म्हणजे पाड्याची धवलेरी. वारल्यांचे लग्न भटजी लावत नाही, धवलेरी गाऊन लावते. तिच्यापुढे भगतसुद्धा हळू बोलत.

"जनाबाई, शाळेच्या भिंतीवर एक चौक काढून द्या."

"कुणाचं लगीन हाय?"

"लग्न नाही. बुधवारी साहेब येणार आहे."

"साहेबाचं लगीन हाय?"

"नाही हो! त्याला नातवंडं आहेत!"

"मंग चौक कशाला?"

"शोभेला!"

शोभेसाठी वासराच्या गळ्यात मंगळसूत्र बांधा म्हणणाऱ्याकडे जसे पाहावे, तसे तिने माझ्याकडे पाहिले.

"मास्तर, चौकात पालघाट बसते. बसली का लगीन लागल्याबिगर उठत नाय. तू लगीन लावशील?" पाड्यावर सगळ्यांना 'तू'च, देवाला आणि मास्तरालाही.

"लावीन, लावीन! तुम्ही सुरू तर करा!"

पाहुण्याला आपण 'या एकदा जेवायला' म्हणतो ना, तितक्याच मनापासून मी ते म्हणालो होतो. जनाबाईला मात्र अशी बोलायची रीत ठाऊक नव्हती.

चार सवाशिणी आल्या. शेण आले, गेरू आला, पीठ कालवले गेले. काडीचे टोक चावून त्यांनी कुंचले केले आणि गात गात रेषा ओढू लागल्या. मास्तराला शिकवल्यावाचून राहवते का? मी पुढे होऊन सागवानी पट्टी दिली. "रेषा सरळ येतील!"

जनाबाईने पट्टी घेतली, निरखून पाहिली आणि त्या पट्टीनेच पीठ ढवळले.

माझे काम संपले असे समजून मी खुर्ची आणायला डोळखांबला गेलो. शाळेत खुर्ची नव्हती आणि साहेबाला उभे ठेवून कोणाची शाळा वाचली आहे? बुधवारी सकाळी, डोक्यावर उलटी खुर्ची, काखेत छत्री (पाऊस असो नसो, छत्रीशिवाय मी हिंडत नसे) असा ओढा ओलांडून वर आलो, तो शाळेसमोर मांडव! ढोल वाजतोय! अख्खा पाडा लोटलेला! भिंतीवरच्या चौकावर कापड टाकलेले आणि पुढ्यात हळदीने पिवळा झालेला, पाड्यावरचाच लडकू.

"जनाबाई! हे काय?"

"लगीन. तूच बोल दिला, बुधवारबी तूच दिला."

"पण कोणाचं?"

"आदी तुजंच ठरलं होतं," जनाबाई शांतपणे म्हणाली. "पन तुला चूल पेटवाय येत नाय. पोरगी कोन देल? मंग म्हटलं, लडकू नि पारूचं उरकू."

लडकू आणि पारू गेली दहा वर्षे एकत्र नांदत होती. वारल्यांत जमले की संसार मांडतात, आणि साधेल तेव्हा लग्न लावतात. यात त्यांना लाज नाही. लाजायचे काम आम्ही मुरबाडकर करतो. त्यांचे लग्न एका वर्षी भात बुडाले म्हणून राहिले, एका वर्षी बैल मेला म्हणून. या वर्षी मास्तराने बोल दिला होता!

"उद्या लावा हो! आज साहेब येतोय!"

"पालघाट का तुजी शाळा हाय, आज सुट्टी दिली नि उद्या भरवली?"

मग मला दुर्बुद्धी सुचली. चौकच पुसला तर? मी बादली उचलली. ढोल थांबला. भगत देवजी उठला. त्याच्यामागे एकेक करत सगळे उठले, नवऱ्यासकट. मी बादली तोंडाला लावली आणि घटाघटा पाणी प्यालो.

"लई तान लागली होती," देवजी म्हणाला. ढोल पुन्हा सुरू झाला.

तेवढ्यात दिपोटीसाहेबांची गाडी आली. डोक्याला रुमाल, नाकावर चष्मा.

"मास्तर, हा काय प्रकार आहे?"

"शाळा... भरली आहे, साहेब."

साहेब सरळ मुलांकडे वळले. पहिल्या रांगेत पारूची थोरली मालू बसली होती, हळदीने माखलेली.

"मुली, आज शाळेत काय आहे?"

"माज्या आयबापाचं लगीन!"

"तू कितवीत?"

"दुसरीत."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. बहुधा मनात वजाबाकी करत असावेत. मग थंडपणे म्हणाले, "हजेरी घ्या."

मी नावे घेतली. हजर! हजर! हजर! गवत कापायला गेलेले परतले होते, गुराखी गुरे बांधून आले होते. लग्न म्हटल्यावर कोण मागे राहतो? एकतीसपैकी एकतीस! तीन वर्षांत जे माझ्या छडीला जमले नव्हते, ते पारूच्या हळदीने केले.

साहेबांना बसवावे म्हणून मी खुर्चीकडे धावलो. खुर्चीवर लडकू बसला होता. नवरदेवाला उठवणार कोण? साहेब निमूटपणे घोंगडीवर बसले.

मग जनाबाई गायला लागली आणि देवजीने चौकावरचे कापड काढले. साहेब बसल्याजागी पुढे सरकले. मीही पहिल्यांदाच पाहत होतो. पट्टीवाचून ओढलेल्या त्या रेषा! मध्ये पालघाट, घोड्यावर लडकू-पारू आणि चौकाबाहेर, खाली कोपऱ्यात, एक झोपडी. झोपडीपुढे इवल्या माणसांची रांग आणि रांगेशेजारी काडीसारखा एक लांबोडका, काखेत छत्री.

साहेब बोटाने मोजत राहिले. "एकतीस. पटाशी जुळतात," ते म्हणाले. "आणि हा छत्रीवाला कोण?"

"त्यो मास्तर," जनाबाई म्हणाली. "आमचाच हाय."

मला धूर लागला, असे मी त्या वेळी सगळ्यांना सांगितले. मांडवात चूल नव्हती.

साहेबांनी शेरा लिहिला: 'हजेरी पूर्ण. भिंत अप्रतिम. मास्तर ठीक.' शाळा राहिली, मीही राहिलो, आणि त्या भिंतीला मी कधी चुना लावू दिला नाही. दर फाल्गुनात जनाबाई दारात येऊन विचारी, "साहेब कधी येतो? कुणाचं लगीन काढू?" आणि दर तपासणीला हजेरी पूर्ण! पण पाडा तो केवढा? चौथ्या वर्षी लग्नाचे कोणी उरले नाही, आणि जनाबाई माझ्याकडे टक लावून पाहू लागली.

मी निमूटपणे चूल पेटवायला शिकलो.

काकांनी मुरबाडची मुलगी पाहिली, देवकी. भटजींनी मुहूर्त दिला तो तपासणीच्याच दिवसाचा. जनाबाईने भटजींना काय सांगितले, कोण जाणे! शाळेच्या उरलेल्या भिंतीवर चौक उठला. कापड निघाले, आणि मी पाहतो तो काय? घोड्यावर देवकी, एकटी, ऐटीत. मी शेजारून पायी, काखेत छत्री!

"जनाबाई, मला घोड्यावर का नाही बसवलं?"

जनाबाईने गाणे न थांबवता माझ्याकडे पाहिले, ओळ पुरी केली आणि मग म्हणाली, "पडशील."