त्रिकोणांचं वेल्डिंग

घोडबंदर रोडच्या ऑफिसात बसून मी पूल, टाक्या, क्रेन सगळं कॉम्प्युटरवर वाकवून बघतो. त्यामुळे दामाजीकाका होडीवर जाळं ओढायचं मशीन बसवतोय म्हटल्यावर मी छाती फुगवून म्हणालो, "काका, मशीनखालचा लोखंडी स्टँड कुठे तुटेल ते मी आधीच सांगतो!"

नारळी पौर्णिमेला आठ दिवस होते. त्या दिवशी होडी मशीनसकट पाण्यात जाणार, असं काकाने अख्ख्या कोळीवाड्यात सांगून ठेवलेलं!

मी स्टँडचे तीनशे त्रिकोण पाडले. स्क्रीनवर हं! किती वाकेल ते चित्र एकदम लोण्यासारखं आलं. पण ताण हवा तर त्या वाकण्याचा उतार काढावा लागतो, आणि तो प्रत्येक त्रिकोण आपापला काढतो. शेजाऱ्याशी पटेल तर शपथ! एक लालभडक, म्हणजे ताणाने तुटायला आलेला, आणि त्याला चिकटून दुसरा निळा, एकदम निवांत. चित्र कसलं, गोधडीच! आमच्या धंद्यात हे नेहमीचंच. मी ते काकाला व्हॉट्सॲपवर टाकलं, खाली लिहिलं 'रंग नीट बघ', आणि साइटवर कल्याणला गेलो.

चार दिवसांनी येतो तर काय! स्टँडवर खडूने त्रिकोणच त्रिकोण, आणि आंबिवलीहून बोलावलेला परशुराम वेल्डर एकेका रेघेवर पट्टी मारतोय!

"काका, हे काय?"

"तूच दाखवलंस ना रं जया? रंग तुटला तिथं जोड. होडीच्या फळीत जोड दिसला का आपन कापूस ठासतो. लोखंडाला कापूस कसा चालंल? म्हनून पट्टी!"

"अरे, स्टँडला जोडच नाय तिथे! त्या रेघा मी पाडल्यात!"

"परशुराम, थांब रं. रेघा याच्या हायत."

परशुरामने काच वर केली. "चारशे झाल्या. धाच उरल्यात. थांबू?"

मी घाईघाईने लॅपटॉप उघडला आणि शेजारच्या त्रिकोणांची सरासरी घ्यायचं बटण दाबलं. गोधडी गायब! रंग एकात एक मिसळले. "बघा! दिसते कुठे रेघ?"

आवडाकाकूने चष्मा पुसून बघितलं. "नाय दिसत. मग ह्ये बटन आधी का नाय दाबलंस?"

पट्ट्यांनी जड झालेला स्टँड दहा जणांनी मिळून होडीवर चढवला. होडीने लगेच खाडीला साष्टांग नमस्कार घातला! पुन्हा उतरवला.

पौर्णिमेला होडी वेळेवर गेली. मशीन घरी, आणि जाळं ओढायला मी! हातांना आलेले फोड मात्र अगदी सलग होते, मध्ये कुठे रेघ नाही.

स्टँड अंगणात आहे. काकू त्यावर बोंबील वाळत घालते. अजून कुठेच तुटला नाय, हे माझं गणित बरोबर आल्याचं मी सगळ्यांना सांगतो. काकू नसताना.