परब काकांचा काटा

परब काका दर शनिवारी सकाळी नाश्ता आटोपला की जिन्यावरून पडतात. म्हणजे फोनवर पडतात. मेडिक्लेम कंपनीच्या हेल्पलाइनला फोन लावायचा, यंत्र सांगेल ती बटणं दाबायची आणि पलीकडे माणसाचा आवाज आला की शांतपणे सांगायचं, "मी जिन्यावरून पडलोय." काका तळमजल्यावर राहतात.

कधी बदल म्हणून त्यांना डेंग्यू होतो. एकदा छातीत दुखायलाही लागलं होतं, पण पलीकडच्या माणसानं अॅम्ब्युलन्स पाठवायची तयारी दाखवल्यावर काकांनी ते दुखणं लगेच थांबवलं. स्वतःच्या कंपनीचं झालं की शेजाऱ्यांच्या पॉलिसीवरूनही ते पडतात. त्यांच्या कृपेनं माझेही हातपाय एकदोनदा मोडलेले आहेत.

पलीकडचा माणूस आधी काय विचारतो, एवढंच त्यांना ऐकायचं असतं. आधी सगळेच पॉलिसी नंबर विचारतात. मग जन्मतारीख, मग नोंदवलेला मोबाइल नंबर. "तोपर्यंत मी आपला जिन्याखाली पडलेलाच," काका सांगतात. एकदाच एका मुलीनं नंबर-बिंबर काही न विचारता, "अगंबाई, काका, लागलं का हो?" असं विचारलं. काकांनी फोनच ठेवून दिला. का ठेवला विचारलं, तर म्हणाले, "तिच्याशी खोटं बोलवेना रे."

दत्ताराम परब हे आमच्या भांडुपच्या सोसायटीतले सर्वांत जुने रहिवासी. मूळचे मालवणकडचे, वडील गिरणीत. स्वतः काका सरकारी नोकरीत, वजनमापे खात्यात निरीक्षक होते. दुकानदाराचा काटा खरा की खोटा हे तपासण्यात त्यांचा जन्म गेला. खात्याची एक पद्धत होती. इन्स्पेक्टरनं इन्स्पेक्टर म्हणून दुकानात जायचं नाही. आधी बनावट गिऱ्हाईक पाठवायचं, त्यानं साधा बटाटा घ्यायचा, आणि मग बाहेर येऊन तो खऱ्या वजनाशी ताडून बघायचा. दुसऱ्या कोणावर भरवसा नसल्यामुळे काका स्वतःच गिऱ्हाईक व्हायचे. त्यासाठी बटण तुटलेला एक शर्ट त्यांनी राखून ठेवला होता. इन्स्पेक्टर आलाय म्हटलं की काटा आपोआप सरळ होतो, हे त्यांचं आयुष्यभराचं संशोधन.

निवृत्त झाल्यावर तपासायला काटे उरले नाहीत, पण तपासायची खोड राहिली. कोणी कशाला चांगलं म्हटलं की काका मान तिरकी करून विचारतात, "काटो खंय?" म्हणजे, चांगलं आहे ते कशावर मोजलंस? हॉटेल चांगलं आहे? काटो खंय? सून चांगली मिळाली? काटो खंय? लग्न का केलं नाहीत, असं माझ्या बायकोनं, वैशालीनं, त्यांना एकदा विचारलं होतं. तेव्हा काका बराच वेळ विचार करून म्हणाले, "मोजत बसलंय गो." मग चहा संपवून निघून गेले.

आरोग्यविम्याकडे ते वळले ते सोसायटीच्या एका रविवारच्या मीटिंगमुळे. मी सेक्रेटरी. एका कंपनीचा एजंट लॅपटॉप घेऊन आला होता. टाय लावलेला, तोंडात साखर. आमच्या यादीत हॉस्पिटलं सगळ्यात जास्त, आमचे क्लेम सगळ्यात लवकर, असं तो पडद्यावर दाखवत होता. मागच्या खुर्चीवरून काकांनी हात वर केला.

"तुमच्या पॉलिसीतली माणसं बरी होतात काय?"

"सर, आमचा क्लेम सेटलमेंट रेशो बघा ना..."

"ते पैशांचं झालं. मी माणसांचं विचारतोय. घरी गेल्यावर परत किती जणांना अॅडमिट करावं लागलं? डायबेटिसवाल्यांचे डोळे, पाय वर्षातून एकदा तरी कोणी बघितले का? गोळ्या कशा घ्यायच्या ते कोणी समजावलं का?"

"सर, ते हॉस्पिटलचं काम असतं."

"आणि त्या हॉस्पिटलांची यादी कोणी केली?"

"कंपनीनं, सर."

"मग काटो खंय?"

एजंट लॅपटॉपचा चार्जर शोधायला लागला. चार्जर लॅपटॉपला लावलेलाच होता.

तेव्हापासून काकांनी कंपन्यांना मार्क द्यायला सुरुवात केली. निकाल सोसायटीच्या फळ्यावर, खडूनं. फळा एकच असल्यामुळे "उद्या पाणी कमी दाबानं येईल" याच्या खाली "अमुक कंपनी नापास" असं यायचं आणि लोक मला गाठून विचारायचे की पाण्याची कंपनी कधी बदलली. अध्यक्षांनी निकाल पुसायचा हुकूम काढला. काकांनी आपल्या दाराला नवा फळा लावला.

माझ्या आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा काका भेटायला आले. माणसं पेशंटला विचारतात, बरं वाटतंय का. काकांनी विचारलं, "घंटी दाबून बघितली?" आई म्हणाली, "कशाला? काही नको आहे मला." काकांनी स्वतःच दाबली आणि घड्याळाकडे बघत उभे राहिले. नर्स धावत आली. काय हवंय म्हणाली. "काही नाही, काटा तपासतोय," काका म्हणाले. त्यानंतर वॉर्डाच्या दारावरच्या वॉचमनला काकांचं वर्णन देण्यात आलं.

आई घरी आल्यावर मात्र त्यांचा रोज फोन. ताप आहे का, टाका लाल झालाय का, रात्रीची गोळी जेवणाआधी की नंतर, सांगा बघू. आई वैतागायची. फोन ठेवला की म्हणायची, "डॉक्टर परवडला." पण अकरा वाजून गेले आणि फोन वाजला नाही, तर "आज परबांना काय झालं" म्हणून मलाच खाली पिटाळायची. खरं तर हे कंपनीनं विचारायला हवं, असं काकांचं म्हणणं. कंपनीचा मेसेज आला होता. आमची सेवा कशी वाटली, एक ते पाच तारे द्या. आईनं चष्मा नसल्यामुळे तो लाइटबिलाचा समजून पुसून टाकला.

आता मुद्द्याचं. काकांना हर्निया झाला. त्यांनी सांगितलं नाही, पण पँटच्या खिशात हात घालून पोट दाबत चालणारा माणूस लपत नाही. गल्लीतल्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, आताच करून घ्या. एखाद्या दिवशी आतडं अडकलं तर धावाधाव होईल, आणि या वयात ती झेपणार नाही. काकांचं उत्तर ठरलेलं. पास झालेली कंपनी मिळू दे, मग करतो. दर वर्षी ते पॉलिसी एका कंपनीतून दुसऱ्या कंपनीत नेत होते आणि दर वर्षी नवी कंपनीही नापास होत होती. इकडे पँटच्या खिशातला हात बाहेर निघेना.

वैशाली त्यांच्या मागे लागली. "काका, आधी ऑपरेशन करा, मग काय मोजायचं ते मोजा."

"गो, बटाटे शिजल्यावर वजन करून काय उपयोग?"

"तुम्ही बटाटा आहात का?"

"काट्याला सगळे बटाटेच."

मी म्हटलं, "काका, मी सुट्टी टाकतो. आम्ही दोघं येतो बरोबर. काही बोलायचं नाही, उद्या जायचं." काका एकदम गंभीर झाले. "नको रे. तू नको येऊस," म्हणाले आणि विषय बदलला. मला राग आला. इतकी वर्षं एका बिल्डिंगीत राहतो, आई त्यांना भाऊबीजेला ओवाळते, आणि हा माणूस नको म्हणतो. मीही मग विचारायचं सोडलं. वैशालीनं सोडलं नाही, पण तिनं काहीच कधी सोडलेलं नाही.

मग एक दिवस काका बॅग घेऊन फाटकात उभे दिसले. "गावाक जातंय. जत्रा आसा." आमच्याकडे कोकणातला माणूस जत्रेला जातो म्हटल्यावर पुढचा प्रश्न नसतो, थेट यादी असते. वैशालीनं कुळथाचं पीठ आणि कोकमाची सोलं आणायला सांगितली. काका बरं म्हणाले.

दोन दिवसांनी तिनं फोन केला. मागून माणसांची गडबड ऐकू येत होती, चाकांचा खडखडाट, आणि एक बाई मोठ्यानं ओरडत होती, "बिनमिठाचं कोणाचं?"

"काका, हे काय चाललंय?"

"महाप्रसाद वाढतायत गो," काका म्हणाले आणि फोन बंद केला.

बिनमिठाचा महाप्रसाद, असं वैशाली म्हणाली खरी. मी म्हटलं, असेल एखाद्या देवाला बीपी. आपण फार हुशार आहोत असं मला त्या क्षणी वाटलं होतं.

त्या आठवड्यातच मरोळला ऑफिसात जेवणानंतर मला एक फोन आला. मुलीचा आवाज. मेडिक्लेम कंपनीतून बोलतेय म्हणाली. "तुम्ही दत्ताराम परबांचे भाऊ ना? पेशंट कसे आहेत आता?"

मी म्हटलं, "कोण पेशंट? ते जत्रेला गेलेत."

 "सर, हर्नियाच्या ऑपरेशननंतर जत्रेला जायचं नसतं." मग ती हळू आवाजात म्हणाली, "काल डिस्चार्ज झालाय त्यांचा. त्यांचा फोन बंद येतोय म्हणून तुम्हाला केला. ताप नाही ना? टाक्यांतून काही येतंय का? गोळ्या समजल्यात ना त्यांना? घरी कोण आहे त्यांच्याजवळ?"

पहिले तीन प्रश्न मला येत नव्हते. चौथ्याचं उत्तर येत होतं, ते सांगवेना. बघतो म्हटलं, साहेबांना हाफ डे सांगितला आणि रिक्षा केली. पूर्ण रस्ताभर मी काकांना शिव्या घालत होतो.

त्यांच्या खिडक्या बंद, पडदे ओढलेले. बेल वाजवली, आत सामसूम. वॉचमन म्हणाला, काका गावाला आहेत. पण असं म्हणताना तो माझ्याकडे बघत नव्हता. मी दाराला तोंड लावून म्हटलं, "काका, कंपनीचा फोन आला होता."

दाराच्या अगदी पलीकडून आवाज आला, "आधी काय विचारलं?"

"दार उघडा."

"पॉलिसी नंबर विचारला?"

"नाही. पेशंट कसे आहेत, असं विचारलं."

कडी निघाली. लुंगी, बनियन, एक हात पोटावर. वाळलेले दिसत होते, पण चेहरा शाळेत पहिला नंबर आल्यासारखा. "स्वतःहून केला? आपणहून? पास रे, पास झाली कंपनी," म्हणत ते भिंतीला धरून धरून कॉटपर्यंत गेले आणि कण्हत आडवे झाले. टेबलावर कुळथाच्या पिठाची पुडी होती. पुडीवर आमच्याच स्टेशनजवळच्या दुकानाचं नाव.

"टाके घेऊन हे आणायला उतरलात?"

"वाटेवर होतं. रिक्षा थांबवली. सोलं संपली होती त्याच्याकडे."

मग मात्र मी भडकलो. "आम्ही काय मेलो होतो का? एकटे जाऊन ऑपरेशन करून येता? काही झालं असतं म्हणजे? सही कोणी केली?"

"शेजारच्या कॉटवरच्या माणसाच्या बायकोनं. बरी बाई होती."

"आणि भाऊ म्हणून माझं नाव?"

"कोणाचं तरी द्यावं लागतं. त्याशिवाय भूल देत नाहीत."

मग काकांनीच समजूत घातल्यासारखं सांगायला सुरुवात केली. "हे बघ सुनील, घरचं माणूस जवळ बसलं की वॉर्डातला काटा सरळ होतो. नर्स येते, डॉक्टर नीट बोलतो, जेवण गरम येतं. तुझ्या आईच्या वेळी बघितलं ना मी. तुम्ही चौघं उभे होतात, म्हणून ती धावत आली. ज्याच्याजवळ कोणी नाही त्याला कसं बघतात, ते मोजायचं होतं. बनावट गिऱ्हाईक म्हणून गेलो."

"पण एकट्या माणसाचंच कशाला मोजायचं?"

काकांनी माझ्याकडे बघितलं. "मग कोणाचं मोजू?"

माझा राग कुठे गेला मला कळलं नाही.  मी पाण्याचा तांब्या भरून आणला, उशी नीट केली, उगाच पडदा उघडला. शेवटी विचारलं, "मग? कसं बघितलं त्यांनी?"

"बरं बघितलं. खोटं कशाला बोलू? घंटी दाबली की येत होत्या. आंघोळ घातली, पाठ पुसली. गोळ्या दोनदा समजावल्या." मग त्यांनी पाण्याचा घोट घेतला. "चार ते सहा भेटायची वेळ. तेव्हा सगळ्यांकडे माणसं यायची. डबे, शहाळी, नातवंडं. मी भिंतीकडे तोंड करून झोपल्यासारखा पडायचो. तेवढं मोजलं नाही मी."

चार वाजून गेले होते. मी वैशालीला फोन करून सगळं सांगितलं आणि खुर्ची कॉटजवळ ओढून बसलो. थोड्या वेळानं ती एक शहाळं आणि पेजेचा डबा घेऊन आली आणि चप्पल काढायच्या आधीपासून जी काकांना बोलायला लागली, ती सहा वाजेपर्यंत बोलत होती. काका आमच्याकडे तोंड करून, पापणी न हलवता ऐकत राहिले.