साठेकाकांचं सोवळ्यातलं रक्त

रक्त द्यायच्या आदल्या दिवसापासून साठेकाका कांदा-लसूण बंद करत. आयर्लंडमधल्या मेनूथला ते आमच्या शेजारच्या घरात एकटेच राहत. काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती. काकांना एएलएस झाला होता. त्यात स्नायू हलवणारे चेतातंतू मरत जातात. तंतू तुटले की त्यांतलं एक प्रथिन रक्तात उतरतं. नवं औषध लागू पडलं तर ते कमी व्हायला हवं, म्हणून डब्लिनच्या हॉस्पिटलात दर महिन्याला त्यांचं रक्त तपासत.

"काका, कांद्याचा काही संबंध नाही. नर्सनेच सांगितलंय," मी म्हणे.

"तिला काय माहीत बाप्पा, तुझ्या पावभाजीत काय असतं! सॅम्पल शुद्ध पाहिजे."

त्या दिवशी डोक्यावरून अंघोळ, इस्त्रीचा शर्ट. लॉकडाउनमुळे मी गाडीच्या चारही काचा उघड्या ठेवून त्यांना नेई, आणि काका मागच्या सीटवर साहेबासारखे बसत. अंतर पाळण्यात भलतेच कडक. डबा दारात ठेवून मी फाटकापर्यंत मागे गेल्याशिवाय दार उघडत नसत. कसे आहात विचारलं, की डावा हात लुळा लोंबत असतानाही आयरिश लोकांसारखं "ग्रँड!", म्हणजे एकदम मजेत. नागपूरच्या भावाला फोनवर ऐकवायचे, "माझं रक्त तिकडे मशीनमध्ये गरगर फिरून राहिलंय, अन् तू घरी झोपा काढतोस!"

२०२१च्या उन्हाळ्यात डॉक्टरांनी सांगितलं, आकडा खाली येत नाहीये, औषध थांबवू. परतताना मला रडू आवरत नव्हतं.

घरापाशी उतरल्यावर म्हणाले, "औषध गेलं तर गेलं. रक्त घेणं तेवढं चालू ठेवा म्हटलं. तयार झाले. त्यांनाही तुलनेला उपयोगी पडतं म्हणे."

"पण तुम्ही कशाला उगाच सुया टोचून घेता?"

काका शर्टाच्या बटणाशी चाळा करत राहिले.

"अगं, शीर सापडेपर्यंत ती नर्स माझा हात हातात घेऊन बसते. वर्ष झालं, दुसऱ्या कोणी धरलेला नाही."

लस आम्हा दोघांचीही झाली होती. मी पुढे होऊन त्यांचा तो लुळा हात दोन्ही हातांत घेतला. काका क्षणभर दचकले, पण हात काढून घेतला नाही.

"नीट धर," ते म्हणाले. "तुला कुठे रक्त काढायचंय? घाई नको करू."