द्वारकाबाईचा आराखडा शेंकडा एक्क्याण्णव जुळला त्याची हकिकत

श्रीशारदा, जी कोऱ्या कागदावर आधीं येऊन बसते आणि शाईस मागाहून बोलावते, तीस हात जोडोन हकिकत लिहितों ते ऐसी. शके एकोणीसशें सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सरे, मार्गशीर्ष शुद्ध पंचमीचे दिवशीं विद्याराज्यीं संशोधनसभा भरली आणि पूर्वीं कोणीं डोळां पाहिलें नव्हतें तें सर्वांनीं पाहिलें. त्या राज्याचा रिवाज ऐसा कीं ज्यास पंडितपदवी पाहिजे त्यानें प्रथम आराखडा लिहावा, म्हणजे काय शोधणार, कोठें शोधणार, कोणास पुसणार तें सांगावें, आणि तो गुरूंचे मेजावर सुधारणेस ठेवावा, आणि गुरू 'सुधारला' म्हणतील तोंवर वाट पाहावी, मग सभेनें मान्य केला तर जागा मिळावी, नाहीं तर घरचा रस्ता धरावा. तेव्हां कपाशीचे मुलखांतली द्वारकाबाई इंगळे नामें एक मुलगी होती, तिणें आपली आई सुभद्राबाई कापूस वेचतां जीं गाणीं म्हणते तीं लिहोन घेतलीं, तीं चाळीस भरलीं, आणि त्यांजवर आराखडा रचोन गुरू डॉक्टर मार्तंडराव कळमकर यांचे मेजावर ठेविला. मार्तंडराव चष्मा कपाळावर चढवोन बोलिले, "कच्चा आहे गं. राहूं दे माझ्यापाशीं. पिकूं दे जरा." ऐसा आठ महिने पिकविला, आणि मग एके दिवशीं एक स्वल्पविराम घालोन परत दिधला, आणि मुलगी गहिंवरोन पायां पडली.

मग सभा बैसली. सभाध्यक्षा विदुलाबाई राजूरकर मध्यें बैसल्या, मार्तंडराव उजवे अंगास बैसले, आणि तायडे कारकून नवें यंत्र घेऊन कोपऱ्यांत बैसले. तें यंत्र कोणताही कागद पोटांत घेई आणि हा मजकूर पूर्वीं छापलेल्याशीं किती जुळतो तें शेंकड्यानें सांगे. दहापर्यंत माफ, दहावर गेला त्याचा आराखडा रद्द आणि नांव चोरांचे यादींत. द्वारकाबाईचा कागद आंत गेला, यंत्र गुणगुणलें, आणि तायडे पडदा पुसोन पुन्हा पाहूं लागले.

"अहो तायडे, वाचा कीं."

"एक्क्याण्णव, मॅडम."

द्वारकाबाईस जैसें कोणीं भरल्या घागरीस तळाशींच भोंक पाडावें तैसें जाहलें. "कोणाशीं जुळतो?" ऐसें विदुलाबाईंनीं पुशिलें आणि तायडे चांचरत बोलिले, "आपल्या... आपल्या सरांच्याच लेखाशीं. चार महिन्यांपूर्वीं छापलाय." मग सर्व सभेनें मार्तंडरावांकडे पाहिलें, आणि मार्तंडराव किंचितही न डगमगतां बोलिले, "पाहिलंत? पोटच्या पोरीसारखी वागवली, आणि हिनें माझंच उचललं!"

हें ऐकोन मुलीचे मनांत आलें, आईचीं गाणीं, आणि चोर आपण! रडूंही सुचेना. तेव्हां विदुलाबाईंनीं तो छापील लेख पडद्यावर मागविला आणि वाचीत वाचीत शेवटल्या तळटीपेस आल्या आणि थबकल्या, आणि मोठ्यानें वाचिलें, "'गाणारी: माझी आई, सुभद्राबाई, वय अठ्ठावन्न, कापूस वेचणारी.' मार्तंडराव, तुमच्या मातोश्री मालतीबाई ना? दिवाळींत मीच त्यांच्या हातची चकली खाल्ली कीं हो!"

मार्तंडरावांचा चष्मा कपाळावरोन आपोआप नाकावर आला, आणि ते बोलिले, "तें भावार्थानें. अभ्यासकाला लोकमाता असते."

द्वारकाबाईनें आईस फोन लाविला आणि आवाज सर्वांस ऐकूं येईलसा केला.

"कोन? द्वारका? बोल व माय, वावरात हावो मी."

"आई, तुला मुलगा आहे का गं?"

"काहून, याड लागलं काय व तुले? एकच पोर मले. तू."

सभेंत दोघांनीं तोंडावर रुमाल धरिला. परंतु मार्तंडराव चिवट, ते बोलिले, "असेल. गाणीं लोकांचीं, जो आधीं छापी त्याचीं. यंत्राला आई कळत नाहीं, आंकडा कळतो. नियम काढा." आणि नियम काढिला, तों खरेंच, त्यांत आईचा रकाना नव्हता. विदुलाबाईंची लेखणी रद्दचे खुणेवर अडखळली. तेव्हां द्वारकाबाई फोनांत बोलिली, "आई, तुला आपली आई म्हणवून सरांनीं तुझीं सगळीं गाणीं नेलीं गं. एकही उरलं नाहीं."

"नेलीत तं नेऊ दे. गानं काय गोठ्यातली गाय हाये काय, सोडून नेली का दावं रिकामं? थांब, दुसरं म्हनतो." आणि पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या झाडांमधोन वाऱ्यासगट आवाज आला:

ओळीमागं ओळ बाई, वेचू तरी किती
पऱ्हाटी इचारते, लेक तुही गेली कुठी
लेक गेली शिकाले, कागदाच्या शेतावर
पांढऱ्या बोंडामंदी, काळं बी वेचनार

तायड्यांनीं तें ऐकतां ऐकतां यंत्रांत घातलें आणि यंत्र गुणगुणलें आणि आंकडा आला, शून्य. तायडे उभेच राहिले, आणि सभेनें नवल केलें, कीं चाळीस लुटलीं तरी एकेचाळिसावें ओठांवर तयार! आणि तेव्हांच एक बारीक खरखर ऐकूं आली. पाहातात तों मार्तंडराव खालीं मान घालोन तीं चार चरणें आपले वहींत उतरवीत आहेत.

"मार्तंडराव!" विदुलाबाई किंचाळल्याच.

"कांहीं नाहीं, सहज टिपण."

फोनांतोन आवाज आला, "कोन लिवते? मले माय म्हननारा तोच काय? त्याले म्हना, लिवू नको बाप्पा. माय म्हनतं तं ये, एक ओळ वेचू लाग."

मार्तंडरावांचे हातची लेखणी खालीं पडली ती त्यांनीं उचलिली नाहीं.

येणेंप्रमाणें प्रसंग गुजरला. विदुलाबाईंनीं रद्दची खूण सोडोन मान्यतेखालीं सही केली आणि गुरू म्हणोन आपलें नांव घातलें, नियमांत गाणारणीचा रकाना नवा पडला, मार्तंडरावांचा लेख मागें घेतला, आणि द्वारकाबाईस जागा मिळाली. सभा त्या दिवशीं चहा न घेतां उठली. विद्याराज्यांत ऐसें पूर्वीं जाहलें नव्हतें.