टाचा तपासणारी विमलआत्या

मोठ्यांनी लहानांच्या पाया पडायचं नसतं. आमच्या विमलआत्याला हे मान्य नाही. लग्नाकार्यात तरणाताठा भाचा दिसला की ती खाली वाकते आणि त्याच्या टाचेमागची जाड शीर चिमटीत धरते. तो दचकून मागे सरतो.

“उभा राय ना गा! चोरी केली का?”

एकदा भाचजावयाचे पाय धुताना तिने त्यालाही तपासलं. एवढा मान पाहून तो बिचारा गहिवरला.

याचं मूळ माझ्या बी.एस्सी.त आहे. घराण्यातला पहिला पदवीधर मी, आणि तो आत्यामुळे. बाबा चाळिशीच्या आत अचानक गेले, तेव्हा तिने मला गावाहून शहरात, नंदनवन वस्तीत आणलं. दोन खोल्यांत ती एकटीच राहायची. मी अभ्यासाला बसलो की शिलाई मशीनवरून म्हणायची, “मोठ्यानं वाच. मले बी कळू दे.”

एका संध्याकाळी कोलेस्टेरॉलचा धडा आला. मी समजावलं, चरबी रक्तात विरघळत नाही, म्हणून शरीर तिला प्रथिनांत गुंडाळून पाठवतं. उरलेली यकृत आपल्या दारांतून परत आत ओढून घेतं. काही घराण्यांत यकृताची ही दारं जन्मतःच कमी असतात. मग चरबी रक्तातच फिरते, हृदयाच्या नळ्यांत साचते, कधी टाचेमागे गाठ होऊन बसते.

मशीन थांबली. आत्या उठून आत गेली. दुसऱ्या दिवशी तिने माझी टाच पाहिली आणि मला रक्त तपासायला नेलं. तेव्हापासून मी रोज गोळी घेतो, आणि आत्या नातेवाइकांत सांगत फिरते, “आपल्या घराण्याच्या लिव्हरले दरवाजे कमी हायेत!”

काकांना हा अपमान वाटायचा. “आपल्या घराण्यात काहीच कमी नाई, बाई!”

त्यांच्या मुलाच्या, प्रफुल्लच्या हळदीला आत्याची चिमटी मध्येच थबकली.

“हे काय गा?”

“बुटानं घट्टा पडला, आत्या.”

“दोन्ही पायाले? सारखाच?”

“मी रोज पळतो. तेलकट तर्रीले हात बी लावत नाई!”

“लिव्हर सोताच कोलेस्टेरॉल बनवते. तुह्या तर्रीची वाट नाई पाहात.”

“बाई, पोरीकडचे लोक ऐकून राहिले!” काका कळवळले.

“ऐकू दे. मले पोट्टा जित्ता पाहिजे.”

प्रफुल्ल चिडून निघाला. तशी ती हळू आवाजात म्हणाली, “याच्या काकाच्या टाचेले बी असंच होतं. मी तेल लावून चोळून देत होती. त्याले बरं वाटे.”

याचे काका म्हणजे माझे बाबा. प्रफुल्ल हळदीच्या अंगाने तसाच तिच्याशेजारी येऊन बसला. “कधी जाऊ, सांग.”

लग्नानंतरच्या सोमवारी तो गेला. कोलेस्टेरॉल भलतंच वाढलेलं निघालं. गोळी सुरू झाली. “गोळीनं दरवाजे वाढतात,” आत्याने नव्या सुनेला समजावलं. नंतर काकाही गुपचूप रक्त देऊन आले.

यंदा माझं वय बाबांच्या वयापुढे गेलं. मी कोणाला बोललो नव्हतो. वाढदिवसाला नंदनवनला गेलो, तर आत्या गल्लीत दारोदार पेढे वाटत होती.

“काय खुशखबर वं, विमलबाई?” शेजारणीने विचारलं.

“काही नाई वं,” आत्या म्हणाली, “आमचा पोट्टा मोठा झाला.”