हमीदचाचांचं जनावर

आमच्या शेजारचे हमीदचाचा रोज सकाळी जगात कुठेच नसलेलं एक जनावर तपासतात. चष्मा पुसतात, चित्रांची वही उघडतात आणि विचारतात, "काय बेटा, रवंथ केलास का?"

चाचा हरसूलच्या जनावरांच्या दवाखान्यात जखमा बांधणारे ड्रेसर होते. निवृत्तीनंतर टीव्हीवर आफ्रिकेचं गवताळ रान बघता बघता त्यांना तिथल्या प्राण्यांची काळजी लागली. "जिराफाला पाणी प्यायला पाय फाकवावे लागतात, तेवढ्यात सिंह येतो. तौबा, बनवणाऱ्याची चूक नाय काढत मी. पण आपलंबी एक असावं." झालं, जनावर कागदावर उतरलं. अंग गाईएवढं, पिलावर सावली पडेल एवढे कान, कोरड्या दिवसांसाठी गळ्याखाली चरबीची जाड पोळी. नाव मात्र नाही. "नाव ठेवलं की लळा लागतो, साहेब."

कुणाची खोडी काढल्याशिवाय मला सकाळचा चहा पचत नाही. "शेपूट आखूड झालं, चाचा. गोमाश्या कोण हाकलणार?" म्हटलं, की दुसऱ्या दिवशी शेपूट वीतभर वाढलेलं असायचं.

इकडे त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकत चालला होता. आणखी उशीर केलात तर नजर जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी टोकलं, की उत्तर ठरलेलं. "जनावर पुरं होऊ द्या." गेल्या महिन्यात त्या जनावराला पाचवा पाय फुटला. चाचांनी बोट ठेवून पाय मोजले आणि माझ्याआधी तेच हसले. मला मात्र राग आला.

"आता राहिलंय तरी काय?"

"पाणी. प्यायला वाकलं की मागचं दिसत नाय. म्हणून एक पितं, दुसरं उभं राहून बघतं. मग पाळी बदलायची."

"आणि दुसरं मेलं तर?" मी सवयीनं विचारून गेलो.

चाचांनी पेन्सिल खाली ठेवली. "मग उरलेलं पाण्यावर जातच नाय. तहान नाय म्हणतं."

चाची जाऊन दीड वर्ष झालं होतं. मूलबाळ नाही. वहीत डोळ्यांच्या दवाखान्याचा कागद खोचलेला होता. ऑपरेशनची तारीख दोनदा खोडलेली, खाली छापलेलं, 'सोबत एक माणूस आणावा.' भिंतीला भिंत लागून आमचं घर, आणि दीड वर्ष मी शेपटाची लांबी मोजत बसलो होतो. लाज वाटली.

"किती वाजता पोचायचं असतं तिथं?" मी विचारलं.

"तुमचा अख्खा दिवस मोडेल, साहेब."

"मोडू द्या."

बुधवारी दवाखान्यात त्यांना हिरवा झगा घातला, डोळ्यांत थेंब सोडले. आत नेताना त्यांनी समोर दिसेना म्हणून हात हवेत चाचपडला. मी तो धरला.

"तुम्ही बाहेरच थांबणार ना?"

"इथंच बसलोय."

"मग बरं," म्हणाले आणि निवांत डोळे मिटून घेतले.